फोटो रंगीतच आहे हो!

मुरगावात रस्त्यावरचे फोटो काढायला बाहेर पडायचं तर आधी वारा कुठून सुटलाय ते बघावं लागतं. वारा बंदराकडून गावात शिरत असेल, तर कॅमेरा कितीही महागडा असो, फोटो कृष्णधवलच येणार. सडा, हेडलँड, बायणा या भागांतल्या बायका कपडे वाळत घालण्यापूर्वी आभाळाकडे बघत नाहीत, धक्क्याला कोणतं जहाज लागलंय ते बघतात. कोळशाचं लागलं असेल तर धुणं घरातच पंख्याखाली. पांढरा सदरा गॅलरीत टाकायचाच असेल, तर तो संध्याकाळपर्यंत राखाडी होणार या तयारीने टाकायचा. ज्या गावात धुण्याचासुद्धा रंगावर हक्क राहिलेला नाही, तिथले फोटोग्राफर मात्र रंगीत की कृष्णधवल यावरून हातघाईवर येतात.

मी मूळचा डिचोलीचा, त्यामुळे धुळीच्या बाबतीत माझं शिक्षण पूर्ण झालेलं आहे. आमच्याकडे धूळ लाल. खाणीचे ट्रक एकामागोमाग एक असे जात, की रस्ता ओलांडायचा म्हणजे मोठ्या कामाला निघाल्यासारखं देवाला नमस्कार करून निघावं लागे. शाळेत पांढरा गणवेश घालून गेलेलं पोर घरी येईपर्यंत गेरूत बुडवून काढल्यासारखं दिसे. २०१०-११च्या सुमारास गोव्यातून वर्षाला चार कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होतं. त्यातलं बरंचसं चीनला, आणि जे सांडायचं ते आमच्या अंगणात. पुढे नोकरीसाठी मुरगाव बंदरालगतच्या वास्कोला आलो, तेव्हा वाटलं की सुटलो. पण डिचोलीची माती मांडवीतून बार्जमध्ये बसून माझ्याआधीच मुरगावला पोचली होती. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादजवळचं तोंड बंद झालं, की ती कुंभारजुव्याच्या कालव्यातून आडवाटेने यायची, पण यायची. २०१२ साली खाणी थांबल्या आणि लाल धूळ ओसरली. काळीने जागा भरून काढली. अशा रीतीने रंगीत आणि कृष्णधवल या दोन्ही पंथांची दीक्षा मला कॅमेरा हातात येण्यापूर्वीच, थेट फुप्फुसातून मिळालेली आहे.

आमचा फोटो काढणाऱ्यांचा एक घोळका आहे. रविवारी पहाटे खारीवाड्याच्या जेटीवर जायचं, ट्रॉलर लागतात तिथे बर्फाच्या आणि माशांच्या ढिगांमधून लोकांच्या पायांत यायचं, शिव्या खायच्या, मग बाजारातल्या हॉटेलात भाजी-पाव खायचा आणि भांडायचं. घोळक्यात दोन पक्ष आहेत. कृष्णधवल पक्षाच्या पुढाऱ्याला आम्ही करडेबाब म्हणतो. रंगीत पक्षाच्या पुढाऱ्याला साहजिकच रंगबाब.

करडेबाब निवृत्त आहेत. त्यांच्या तरुणपणी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळायचा आणि तो घरच्या न्हाणीत, दाराला चादर लावून धुता यायचा. रंगीत रोल बाहेरगावी धाडावा लागे आणि तो परत येईपर्यंत ज्यांचे फोटो काढले त्यांचं लग्न मोडलेलं असे. तेव्हा खिशाला परवडलं ते पुढे तत्त्वज्ञान झालं. रंग म्हणजे गोंगाट, असं ते म्हणतात. रंगीत फोटोत माणसाचे कपडे दिसतात आणि कृष्णधवलात आत्मा दिसतो, अशा अर्थाचं एक वचन टेड ग्रँट या कॅनडातल्या छायाचित्रकाराच्या नावावर फिरत असतं. करडेबाब ते स्वतःच्या नावावर फिरवतात. फोटोत एखाद्याचा आत्मा दिसत नसला, की ते कॉन्ट्रास्ट वाढवतात. मग दिसतो. चेहऱ्यावरचे सगळे खड्डे काळेभोर झाले की कोणाचाही आत्मा दिसायला लागतो. आमच्या पोस्टमनला त्यांनी असा काढलाय की तो नुकताच युद्धावरून परतलाय असं वाटतं. वास्तविक तो लग्नाच्या जेवणावरून परतत होता.

रंगबाब तरुण आहेत आणि त्यांचा दैवत-ग्रंथ म्हणजे रघुबीर सिंह यांचा १९९८ सालचा ‘रिव्हर ऑफ कलर’. कृष्णधवलामागची ती उदासी, तो एकाकीपणा पाश्चात्त्यांना लखलाभ होवो, भारतीय माणसाला जग दिसतं तेच मुळी रंगात, असा रघुबीर सिंहांचा युक्तिवाद होता. ते नुसतं बोलून थांबले नाहीत, आयुष्यभर कोडॅक्रोमवर गल्लीबोळ टिपत राहिले. त्यांनी तरुणपणी, १९६६ साली, जयपुरात कार्तिए-ब्रेसाँना काम करताना पाहिलं होतं. त्या माणसाला गुरू मानलं, फक्त त्यांचं रंगाविषयीचं मत तेवढं मानलं नाही. कार्तिए-ब्रेसाँना रंगीत फोटोचा मनस्वी कंटाळा होता. मासिकांसाठी काढावे लागले तेवढे काढले.

यावर करडेबाब वॉकर इव्हान्सना साक्षीला काढतात. अमेरिकेतल्या या थोर छायाचित्रकाराने १९६९ साली लिहूनच ठेवलं की रंगीत छायाचित्रण हा गावंढळपणा आहे. करडेबाब इथे विजयी मुद्रेने पावाचा तुकडा भाजीत बुडवतात. पुढची गोष्ट ते सांगत नाहीत, ती रंगबाब सांगतात. त्यानंतर चारच वर्षांनी, सत्तरीत, इव्हान्सच्या हाती पोलरॉइडचा तो झटपट फोटो देणारा कॅमेरा आला आणि म्हाताऱ्याने शेकडो फोटो काढले. सगळे रंगीत. ‘गावंढळ’ हे विशेषण कुठे सापडलं तर परत घेतो, असं काही ते कधी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. तत्त्वाचा माणूस नवा कॅमेरा हाती येईपर्यंतच तत्त्वाचा असतो.

मध्येच मी एकदा, भांडण मिटावं म्हणून, कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं ते दोघांना सांगितलं. डिजिटल कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग मुळात कळतच नाही. त्याला फक्त उजेड किती पडला ते कळतं. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक चौकट बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर नावाच्या गृहस्थाची ही कल्पना, पेटंट १९७६चं. अर्ध्या चौकटी हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येक ठिपका एकाच रंगाची खबर देतो आणि उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांना विचारून भरतो. म्हणजे रंगीत फोटोतला दोन तृतीयांश रंग हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून आलेला असतो. आमच्या वाड्यावरही बातमी याच पद्धतीने पोचते. रंगबाब हे ऐकून दुखावले. करडेबाब खूष झाले, तर त्यांना मी पुढचं सांगितलं. लायकाने २०१२ साली ती रंगीत चौकट काढून टाकलेला, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा एक कॅमेरा विकायला आणला. सामान एक कमी, किंमत मात्र रंगीत भावंडापेक्षा जास्त. मग तेही दुखावले. भांडण मिटलं नाही, पण त्या दिवसाचं बिल मात्र मलाच द्यावं लागलं.

तसं पाहिलं तर रंगाने पहिल्यापासून लोकांना दमवलेलंच आहे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली रंगीत फोटोची काच बाजारात आणली ती बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण रंगवून. आपल्याकडे प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या वेळी, १९३३ साली, शांतारामबापू रंगीत प्रती काढायला जर्मनीपर्यंत गेले. परत आले ते असे भडक रंग घेऊन, की त्यानंतर प्रभातने बराच काळ काळ्या-पांढऱ्यातच सुखाने संसार केला.

पण हे सगळं भाजी-पावाच्या टेबलावर. बाजारात उतरलं की दोन्ही पक्षांचे मुद्दे ओले होतात.

मासळी बाजारात करडेबाबांनी एका नुस्तेकान्नीसमोर, म्हणजे मासे विकणारीसमोर, कॅमेरा धरला. तिने विचारलं, कलर ना? करडेबाबांनी कृष्णधवलातल्या छायाप्रकाशाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तिने कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाली, “रंगीत काड, बाबा. काळो-धवो फोटो मेल्या उपरांत लायतात.” शेजारची म्हातारी मात्र कृष्णधवलाच्या बाजूची निघाली. तिच्या टोपलीतले बांगडे कालचे होते. ताज्या बांगड्याची खूण म्हणजे लालबुंद कल्ले, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत कालचा बांगडा आजच्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. म्हातारीला टेड ग्रँट माहीत नव्हता, पण कृष्णधवलाचा खरा उपयोग तिच्याइतका कोणालाच कळलेला नव्हता.

हिरव्यागार मिरचीचा आणि पिकलेल्या लाल मिरचीचाही कृष्णधवलात साधारण एकच करडा होतो. पेडण्याच्या माझ्या मेव्हण्याने हरमलच्या मिरच्या खळ्यात वाळत घातल्या होत्या, त्याचा करडेबाबांनी एक फार गाजलेला फोटो काढला आहे. प्रदर्शनात लोक त्यापुढे उभे राहून ‘काय पोत आहे!’ म्हणत होते. एका बाईंनी विचारलं, हे खोबरं का? मेव्हण्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. मिरचीच्या बाबतीत पेडणेकर हळवा असतो.

पायलटांचं तर कृष्णधवलात पोटच मारलं जातं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की गोव्यात पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, भाड्याच्या मोटारसायकलचा. दाबोळीला विमानाचे पायलटही असतात, पण आपल्याला घरी पोचवतो तो हाच. त्याची ओळख म्हणजे गाडीचा पिवळा मडगार्ड. करडेबाबांच्या फोटोतला पायलट म्हणजे स्टेशनबाहेर उन्हात बसलेला कोणीतरी बेकार इसम. त्या फोटोला त्यांनी ‘प्रतीक्षा’ असं नाव दिलं. पायलट म्हणाला, प्रतीक्षा बरोबर, पण मडगार्ड दिसला असता तर गिऱ्हाईक तरी आलं असतं.

एका बाबतीत मात्र मी करडेबाबांना मानतो. वास्कोत कुठेही कॅमेरा धरा, मागे कोणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक येतोच. रंगीत फोटोत त्या फलकाचा पक्ष दिसतो, आणि गोव्यात पक्ष ही फार नाशवंत गोष्ट आहे. २०१९च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार एका झटक्यात भाजपात गेले. २०२२च्या सप्टेंबरात आठ गेले. त्या वेळी काढलेले रंगीत फोटो बिचारे दुसऱ्या दिवशी ऐतिहासिक झाले. कृष्णधवल फोटोला असा धोका नाही. माणूस तोच, हसू तेच, जोडलेले हात तेच. फलक रंगवणारा पार्श्वभूमी बदलून देतो, करडेबाबांना तेवढंही करावं लागत नाही.

रंगबाबांची पर्वणी असते श्रावणात. वास्कोचा दामोदर सप्ताह, प्लेगच्या साथीच्या काळापासून चालत आलेला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रीफळ ठेवायचं आणि चोवीस तास अखंड भजन. रात्री समाजासमाजाचे पार, म्हणजे भजनी मेळे, गात-वाजवत देवळाकडे येतात, चित्ररथ येतात आणि स्वातंत्र्य पथावर फेरीवाल्यांची रांग लागते. प्लॅस्टिकचे पोपट, गुलाबी खाजं नव्हे पण गुलाबी बाकी सगळं, खुर्च्या, घागरी, बांगड्या, आणि वरून विजेच्या माळा दर सेकंदाला रंग बदलणाऱ्या. रंगबाब तीन कार्डं भरतात. घरी येऊन बघतात तर प्रत्येक फोटोतला भजनी अर्धा हिरवा, अर्धा जांभळा. पखवाजवाला कावीळ झाल्यासारखा. मग ते चोरून दोनचार फोटो कृष्णधवल करतात. मी पाहिलंय. रात्री दिव्यांचे रंग एकमेकांशी जमत नसले की भले भले रंगवाले करडेबाबांच्या पक्षात येतात, आणि सकाळी परत स्वगृही. पक्षांतरबंदी कायदा इथेही तेवढाच कडक आहे.

करडेबाबांची भिस्त सप्ताहातल्या पावसावर असायची. ओला डांबरी रस्ता, त्यात दिव्यांचं प्रतिबिंब आणि काळ्या छत्र्यांचा समुदाय. पण काळी छत्री आता गेली. हल्ली छत्रीवर फुलं, बाहुल्या, नाहीतर सहकारी पतसंस्थेचं नाव आणि फोन नंबर. कृष्णधवल छायाचित्रणाला फोनच्या कॅमेऱ्याने मारलं नाही, फुलाफुलांच्या छत्रीने मारलं, असं करडेबाब गंभीरपणे म्हणतात. मला हे पटतं.

आणि पांढऱ्याबद्दल बोलायचं तर गोव्यात पांढरा कोणाचा हे पोर्तुगीज अमदानीतच ठरून गेलं होतं. पांढरा चर्चला, घरांनी दुसरा कोणताही रंग लावावा, असा तेव्हाचा दंडक होता असं जुनी माणसं सांगतात. म्हणून पणजीच्या फोंतेन्यांत पिवळी, निळी, तांबडी घरं आणि पर्यटकांची ही झुंबड. तिथे कृष्णधवल फोटो काढणारा मनुष्य मी आजवर पाहिलेला नाही. तिथून परत वास्कोला यावं तर चर्चचा पांढराही आमच्याकडे चतुर्थीच्या सुमारास पावसाने धुतलेला असतो तेवढाच पांढरा. उन्हाळ्यात तो करडेबाबांच्या पक्षात असतो.

मी स्वतः दोन दरडींवर पाय ठेवून आहे. पण डिचोलीचा असल्यामुळे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खाणी जोरात होत्या तेव्हाचे आमच्या रस्त्याचे काही फोटो घरात आहेत. रंगीत फोटोत झाडं लाल आहेत. काजू लाल, आंबा लाल, तुळशीवृंदावन लाल. तोच फोटो कृष्णधवल केला की लाल धुळीचा करडा आणि हिरव्या पानाचा करडा एकमेकांत असे मिसळतात, की झाडं एकदम निरोगी दिसायला लागतात. ट्रकमागे उडणारी धूळ पहाटेचं धुकं होते. ‘कोकणातली सकाळ’ म्हणून कॅलेंडरवर छापावा असा फोटो. त्या धुक्यात माझे काका खोकत उभे आहेत, ते सौंदर्याचा आस्वाद घेत असल्यासारखे दिसतात. कालच्या बांगड्यांची म्हातारी आणि खाणमालक यांना फोटोग्राफीतलं एकच तत्त्व गवसलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून मी ठरवलं की धुळीचा फोटो नेहमी रंगीतच काढायचा. तिथेच मुरगावने मला हात दाखवला.

आमच्या गॅलरीत पांढऱ्या फरशा आहेत. एकदा सकाळी त्यांवर एवढा कोळसा साचला होता की शेजारच्या मांजराची पावलं त्यावर स्वच्छ उमटलेली. मी रंगीत फोटो काढला, छापून घेतला आणि तक्रारीच्या अर्जाला जोडून एका कार्यालयात नेऊन दिला. कारकुनाने तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“भाई, हा चालणार नाही. पुराव्याला रंगीत फोटो लागतो.”

“फोटो रंगीतच आहे हो.”

“यात रंग कुठे आहे?”

मी बघितलं. फरशी पांढरी, धूळ काळी, गज राखाडी, मांजराची पावलं पांढरी. बाहेर आभाळही त्या दिवशी राखाडी होतं. कलर प्रिंटचे पैसे मोजून मी करडेबाबांचा फोटो घेऊन आलो होतो. पावती दाखवली. पावतीवर ‘कलर’ लिहिलं होतं. कारकून म्हणाला, पावती रंगीत असल्याने फोटो रंगीत होत नाही.

बायको म्हणाली, त्यात काय, शेजारी काहीतरी रंगीत ठेवा. न्हाणीतली लाल बादली गॅलरीत आणून ठेवली आणि पुन्हा फोटो काढला. तो मी रविवारी घोळक्यात दाखवला. करडेबाब म्हणाले, उत्कृष्ट, फक्त बादली काढून टाका. रंगबाब म्हणाले, बादलीशिवाय यात आहेच काय? पुढे दोघांनी मिळून तो एका स्पर्धेला पाठवायला लावला. स्पर्धांमध्ये रंगीत आणि मोनोक्रोम असे वेगळे विभाग असतात, आणि प्रत्येक विभागाची फी वेगळी. दोन्हीत पाठवला. रंगीत विभागाने परत केला, कारण त्यात बादली सोडून रंग नव्हता. मोनोक्रोमने परत केला, कारण बादली होती.

कार्यालयात मात्र बादलीने काम केलं. कारकुनाने लगेच शिक्का मारला आणि सांगितलं, साहेब स्वतः जागेची पाहणी करायला येतील, गुरुवारी.

गुरुवारी सकाळी मी बाजारातून परतलो तर गॅलरी लखलखत होती. बायकोने पहाटे उठून फरशा घासल्या होत्या, गज पुसले होते, कुंड्यांचीसुद्धा पानं धुतली होती. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, “साहेब घरी येणार आणि एवढी घाण दाखवायची? काय म्हणतील?” साहेब आले. त्यांनी गॅलरी पाहिली, बोट फिरवून पाहिलं, चहा घेतला, खाजं खाल्लं, घर फार स्वच्छ ठेवता असं म्हणाले आणि फोनवर चार फोटो काढून घेतले. सगळे रंगीत. कुंडीतल्या जास्वंदीचा तर फारच छान आला होता.